सात वर्षं थांबणारी वाइन: लेबनॉनच्या शातो मुसारची गोष्ट

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. ज्यांनी ऐकलाय त्यांना उजळणी होईल, आणि ज्यांना लोकलच्या गर्दीत काही ऐकू येत नाही त्यांना वाचता येईल. बोलताना जे इकडेतिकडे झालं होतं ते इथे थोडं नीट लावून दिलंय.

आजचा विषय वाइन. पण कोणती वाइन प्यावी, कशाबरोबर प्यावी, हे सांगणारा हा भाग नाही. तुम्ही आयुष्यात कधी वाइनचा थेंब घेतला नसेल, घेणारही नसाल, तरी ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. कारण ती एका घराच्या धंद्याची गोष्ट आहे.

असं समजा. तुमच्या घरचा एक धंदा आहे. माल वर्षातून एकदाच तयार होतो. तयार झाला की लगेच विकायचा नाही, सात वर्षं थांबायचं. शेत एका खोऱ्यात, कारखाना दुसरीकडे, आणि मधे एक अख्खी डोंगररांग. आता त्या देशात पंधरा वर्षं यादवी युद्ध सुरू झालं. तुमचा धंदा टिकेल?

लेबनॉनमधल्या होशार कुटुंबाचा टिकला. (हो, आडनाव होशारच आहे. हुशार म्हणा, चालेल.) त्यांच्या वायनरीचं नाव शातो मुसार. आणि गंमत म्हणजे, कागदावर जी पद्धत धंद्याला मारक वाटते, तिच्यातच धंदा टिकण्याचं एक कारणही सापडतं. ते कसं, ते बघू.

सुरुवात: वीस वर्षांचा मुलगा आणि जुना वाडा

साल १९३०. लेबनॉन तेव्हा फ्रेंचांच्या अमलाखाली होता. गॅस्टन होशार नावाचा वीस वर्षांचा तरुण बोर्दोला, म्हणजे फ्रान्समधल्या वाइनच्या पंढरीला जाऊन आला आणि बैरूतच्या उत्तरेला, समुद्राच्या वर डोंगरात असलेल्या गझीर गावात त्याने वायनरी सुरू केली. जागा कोणती? अठराव्या शतकातल्या एका वाड्याची तळघरं. वाड्याचं नाव मझार, त्यावरून मुसार.

लेबनॉनमध्ये वाइन ही काही फ्रेंचांनी आणलेली नवलाई नव्हती. तीन हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून फिनिशियन व्यापारी जहाजांतून वाइन नेत होते. बेका खोऱ्यात बालबेक इथे रोमन काळातलं बॅकसचं, म्हणजे त्यांच्या वाइनच्या देवाचं मंदिर आजही उभं आहे. त्याच खोऱ्यात जेझुइट पाद्र्यांनी १८५७ मध्ये क्सारा ही वायनरी सुरू केली होती. गॅस्टन या जुन्या वाटेवरचा नवा वाटसरू.

त्याच्या द्राक्षबागाही बेका खोऱ्यातच. दोन डोंगररांगांच्या मधलं हे लांबट खोरं समुद्रसपाटीपासून साधारण एक हजार मीटर उंचीवर आहे. म्हणजे जवळपास आपल्या पाचगणीपेक्षा थोडंच कमी. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा. वाइनच्या द्राक्षाला याहून काय पाहिजे? दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो.

पण मग वायनरी बागेजवळच का नाही बांधली? घरात सांगितलं जाणारं कारण असं, की त्या काळात सीमांची खात्री नव्हती. बेका खोरं उद्या लेबनॉनमध्ये राहील की सीरियात जाईल, कोण सांगणार? म्हणून कारखाना समुद्राच्या बाजूला. निर्णय शहाणपणाचा होता. पण त्यामुळे प्रत्येक हंगामात द्राक्षं ट्रकात भरून डोंगर ओलांडून आणायची, हे कायमचं मागे लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच मोठं प्रकरण होणार आहे.

शिकून आला, आणि कमी करायला लागला

गॅस्टनचा मोठा मुलगा सर्ज. जन्म १९३९. त्याने बोर्दोच्या विद्यापीठात वाइनशास्त्राचं शिक्षण घेतलं, आणि तेही एमिल पेनो यांच्यासारख्या शिक्षकांकडे. पेनो म्हणजे आधुनिक वाइनशास्त्राचे जनकच म्हणा. वाइन कुठे बिघडते, का बिघडते, ती प्रयोगशाळेच्या मदतीने कशी आटोक्यात ठेवायची, हे त्यांनी जगाला शिकवलं.

१९५९ मध्ये वाइन बनवण्याची जबाबदारी सर्जकडे आली. आता आपल्याला वाटेल, शिकलेला मुलगा आला म्हणजे नवी मशीन येणार, नवी पावडर येणार. झालं उलटंच. त्याने ठरवलं की वाइनमध्ये जितका कमी हात घालता येईल तितका कमी घालायचा.

मला या गोष्टीतली ही सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. 'पारंपरिक' म्हटलं की आपण धरून चालतो, की बिचाऱ्यांना दुसरं काही माहीत नसेल. सर्जला माहीत होतं. माहीत असून त्याने काही गोष्टींना नाही म्हटलं. आणि आपल्या मनासारखी लाल वाइन जमायला त्याला सुमारे अठरा वर्षं लागली. ही 'नाही' नेमकी कशाकशाला, ते एकेक करून घेऊ.

पहिलं नाही: बाहेरचं यीस्ट नको

वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षाचा रस. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव रसातली साखर खातात आणि तिचं मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. शास्त्र एवढंच.

हे यीस्ट आणायचं कुठून? आज बहुतेक वायनरी ते पाकिटातून आणतात. प्रयोगशाळेत निवडलेलं, ठरलेल्या वेगाने, ठरल्याप्रमाणे काम करणारं. मुसारमध्ये मात्र द्राक्षांबरोबर बागेतून आलेलं आणि वायनरीत वस्तीला असलेलं यीस्टच काम करतं.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. आई इडलीचं पीठ आंबवते तेव्हा त्यात यीस्ट घालते का? नाही. डाळ-तांदळावरचे, हवेतले, भांड्यातले जीव ते काम करतात. म्हणूनच थंडीत पीठ लवकर फुगत नाही, मे महिन्यात पातेल्याबाहेर येतं, आणि मावशीकडच्या इडलीची चव आपल्याकडच्यासारखी नसते. बेकरीवाल्याला असं चालत नाही, त्याला रोज तोच पाव पाहिजे. म्हणून तो पाकीट फोडतो.

मुसारची लाल वाइन सिमेंटच्या मोठ्या टाक्यांमध्ये आंबते. चकचकीत स्टीलच्या नव्हे. द्राक्षं तीन जातींची: काबेर्ने सोव्हिन्यो, सँसो आणि कारिन्यान. तिन्हींच्या वाइन आधी वेगवेगळ्या होतात, लाकडी पिंपांत साधारण वर्षभर राहतात आणि मग चाखून त्यांचं मिश्रण ठरवलं जातं. दर वर्षी प्रमाण थोडं बदलतं, कारण दर वर्षी द्राक्षं बदलतात.

किंमत काय मोजावी लागते? बेभरवसा. जंगली यीस्ट कधी रेंगाळतं, कधी भलत्याच वासाचे जीव बरोबर घेऊन येतं.

दुसरं नाही: गाळून चकाचक करणं नको

तयार वाइन गढूळ असते. ती गाळून, स्वच्छ करून, गंधकाचा (म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा) पुरेसा मारा करून बाटलीत भरली की ती शांत बसते. जहाजात हलली, दुकानात तापली, तरी फारसं काही होत नाही.

होशार मंडळी वाइन गाळत नाहीत आणि गंधक अगदी जेमतेम वापरतात. त्यामुळे बाटलीच्या तळाशी साका बसतो. जुनी बाटली उघडायच्या आधी उभी ठेवतात आणि हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओततात, म्हणजे साका खालीच राहतो. आपण ताकाचं निवळ काढतो ना, तसं.

आता इथे एक खरं सांगायला हवं. मुसारच्या वाइनवर टीका करणारे जाणकार कमी नाहीत. तिच्यात कधी व्हिनेगरकडे झुकणारा, नेलपॉलिशची आठवण करून देणारा वास येतो. कधी तबेल्यासारखा वास येतो, तो ब्रेटॅनोमायसीस नावाच्या यीस्टमुळे. बोर्दोच्या परीक्षेत याला दोष म्हणतील. एकाच वर्षाच्या दोन बाटल्याही अगदी सारख्या निघतील याची खात्री नाही. चाहते म्हणतात, हाच तर तिचा जिवंतपणा. टीकाकार म्हणतात, बिघाडाला सुंदर नाव दिलं म्हणून तो बिघाड राहत नाही का?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. 'नैसर्गिक' म्हणजे आपोआप चांगलं, असं नसतं. पण होशार कुटुंबाने हा धोका डोळे उघडे ठेवून पत्करला, हे नक्की.

तिसरं नाही: लवकर विकणं नको

आणि आता तो सात वर्षांचा मामला. हिशोब असा: काढणीनंतर पहिले काही महिने सिमेंटच्या टाकीत. मग वर्षभर ओकच्या पिंपात. मग मिश्रण करून पुन्हा टाकीत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाटलीत. त्यानंतर बाटल्या चार वर्षं गझीरच्या तळघरात पडून राहतात. सातव्या वर्षी बाजारात.

चार वर्षं नुसत्या पडून काय होतं? द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून वाइनमध्ये टॅनिन उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर जिभेला जो तुरटपणा येतो, तो साधारण त्याच कुळातला. ताज्या लाल वाइनमध्ये तो बोचतो. काळ जातो तसे टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगाला चिकटून मोठे होतात, काही साका होऊन खाली बसतात. तुरटपणा मऊ होतो, रंग जांभळटाकडून विटकरीकडे जातो, ताज्या फळाच्या वासाच्या जागी सुकामेवा, चामडं, मसाले असे वास येतात. आपल्याकडे यासाठी एकच शब्द आहे: मुरणं. लोणचं मुरतं, तशी वाइन मुरते.

दुसरी वायनरी म्हणते, मुरवायचं काम गिऱ्हाइकाने आपल्या घरी करावं. मुसार म्हणते, आम्ही मुरवून देतो. मात्र तोपर्यंत पैसा अडकतो. मजुरांची मजुरी आज, पिंपांचे पैसे आज, बाटल्या आणि बुचं आज, आणि बिल निघणार सात वर्षांनी. कोणत्याही वेळी तळघरात सहा-सात वर्षांचा माल पडलेला. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही सीएला हा धंदा दाखवा, तो कपाळावर हात मारेल.

मग युद्ध आलं

१९७५ मध्ये लेबनॉनचं यादवी युद्ध सुरू झालं. ते १९९० पर्यंत चाललं. बैरूतचे दोन तुकडे झाले, रस्त्यारस्त्यावर वेगवेगळ्या सैन्यांचे आणि टोळ्यांचे नाके बसले.

आणि इथे तो जुना निर्णय आडवा आला. बागा बेकात, टाक्या गझीरला, मधे डोंगर आणि डोंगरावर लढाई. द्राक्षाला युद्धविराम कळत नाही. ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकतं म्हणजे पिकतंच. खुडलं की घड्याळ सुरू. एरवी काही तासांचा रस्ता, त्याला दिवस लागले तर ट्रकातच रस सुटतो आणि आंबायला लागतो.

१९७६ मध्ये मुसारची वाइन झालीच नाही. १९८४ मध्ये द्राक्षं निघाली, पण रस्ते बंद होते. लांबचे वळसे घेत ट्रक पोहोचेपर्यंत द्राक्षं वाटेतच आंबायला लागली होती. त्या वर्षाची वाइन नेहमीसारखी बाजारात आली नाही. पंधरा वर्षांच्या युद्धात हुकलेले हंगाम हे दोन. बाकी सगळ्या वर्षी, नाक्यांवर हातापाया पडून, वळसे घेऊन, गोळीबार थांबायची वाट बघून द्राक्षं आली.

या दोन हुकलेल्या वर्षांत त्यांनी दुसरं काय करायचं? पाकिटातलं यीस्ट आणि स्टीलच्या टाक्या वापरून चार महिन्यांत मिळकत सुरू करणारी वायनरी असती, तर एक हंगाम गेला म्हणजे त्या वर्षाची कमाई गेली. सात वर्षांच्या रांगेत गणित वेगळं असतं. आजच्या वेळापत्रकाने हिशोब करा: २०३० चा हंगाम बुडाला, तरी २०३० मध्ये विकायला २०२३ ची बाटली तयार असते. खड्डा पडतो तो २०३७ मध्ये. म्हणजे सावरायला सात वर्षं मिळतात. शांततेच्या काळात जो साठा ओझं वाटतो, तोच लढाईत घरातली पुंजी होतो. आपली आजी कणगीत दोन वर्षांचं धान्य ठेवायची, त्यामागे हाच विचार होता.

अर्थात माल असून भागत नाही, गिऱ्हाईक लागतं. युद्धापूर्वी मुसारची वाइन मुख्यतः देशातच खपायची. युद्धाने तो बाजार संपवला. तेव्हा सर्ज बाटल्या घेऊन परदेशात गेला. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वाइन मेळ्यात मायकेल ब्रॉडबेंट या ख्रिस्टीज लिलावघराच्या नावाजलेल्या तज्ज्ञाने मुसारची १९६७ ची वाइन चाखली आणि मेळ्यातला मोठा शोध म्हणून तिचं कौतुक केलं. लक्षात घ्या, बाटली बारा वर्षांची होती. मुरलेली होती म्हणूनच ती बोलली. सर्जचा धाकटा भाऊ रोनाल्ड हिशोब आणि विक्रीची बाजू सांभाळत होता. १९८४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ट्रकात द्राक्षं आंबली त्याच वर्षी, 'डिकँटर' या ब्रिटिश मासिकाने आपला 'मॅन ऑफ द इयर' हा किताब पहिल्यांदा दिला, तो सर्ज होशारला.

युद्धात अनेक लेबनीज कुटुंबं देश सोडून गेली. होशार राहिले. कुणी त्याला हट्ट म्हणेल. पण वेल उचलून नेता येत नाही, हेही खरं.

एक पांढरी वाइन, जी दुसरीकडे होणार नाही

नाशिक-सांगलीकडच्या श्रोत्यांसाठी हा भाग खास. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे द्राक्षाचा वेल बहुतेक डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेला असतो. युरोपातही कलमच, पण कारण वेगळं: एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या बागा मुळापासून खाल्ल्या, म्हणून अमेरिकन वेलाच्या मुळावर युरोपियन वेल बांधावा लागला.

मुसारची पांढरी वाइन ओबेदे आणि मेरवाह या दोन लेबनीज जातींपासून होते. हे जुने वेल खूप उंचावर, १,२०० मीटरच्या वर, स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. मांडव नाही, तारा नाही, झुडपासारखे जमिनीलगत पसरलेले. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या असतात. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, वेल झोपतो, वर्षाला एकच छाटणी.

सर्ज ही पांढरी वाइन फ्रिजमधून काढून गारेगार देऊ नका म्हणायचा, आणि लाल झाल्यानंतर ती प्यावी असा त्याचा आग्रह होता. जगाची रीत याच्या बरोबर उलट. काबेर्ने आज जगभर होते. ओबेदे आणि मेरवाह मात्र याच डोंगरांच्या. त्या सांभाळणारी घरं थकली, तर त्या जातीही हळूहळू संपतील.

तिसरी पिढी, नवी संकटं

२००६ मध्ये मुसारच्या बागांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं, लेबनॉनमधलं पहिलं. त्याच उन्हाळ्यात देशावर पुन्हा ३४ दिवसांचं युद्ध आलं. ३१ डिसेंबर २०१४ ला सर्ज होशार मेक्सिकोत समुद्रात पोहताना गेला. २०१९ पासून लेबनॉनची बँकव्यवस्था कोसळली, चलनाची किंमत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात प्रचंड स्फोट झाला. २०२४ मध्ये बेका खोऱ्यावर पुन्हा बाँब पडले.

आता काम पुढच्या पिढीच्या हातात आहे. सर्जच्या मुलाचं नाव आजोबांवरून ठेवलेलं, गॅस्टनच. विचार करा: त्यांनी आज दुकानात पाठवलेली बाटली सात वर्षांपूर्वीच्या द्राक्षांची, सात वर्षांपूर्वीच्या देशातली. आणि आज ते जी द्राक्षं टाकीत घालतील, ती विकायला देशाची अवस्था काय असेल हे कुणालाच ठाऊक नाही. तरी घालतायत.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही पाकिटावर 'पारंपरिक पद्धतीने बनवलेलं' असं छापलेलं दिसलं, मग ती वाइन असो, तूप असो की मसाला, तर एक साधा प्रश्न विचारा: या माणसांनी सोपं काय होतं आणि ते का नाकारलं? उत्तर ठोस मिळालं, आणि त्याची किंमत कुणी मोजली तेही कळलं, तर समजा खरंच काहीतरी जपलंय. नुसताच जुन्या वाड्याचा फोटो असेल, तर पाकीट खाली ठेवा.

तर मंडळी, तुमच्या माहितीत असा पिढीजात धंदा असेल, जिथे माल मुरायला वेळ द्यावा लागतो, काकवी-गुळाचं गुऱ्हाळ असेल, घोंगड्या विणणारं घर असेल, कोकणातला कोकमाचा उद्योग असेल, तर आम्हाला नक्की कळवा. आवडला असेल तर हा भाग एखाद्या द्राक्षबागायतदार मित्राला पाठवा. त्याच्याकडून नवीन काहीतरी ऐकायला मिळेल याची मला खात्री आहे. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!